ऑफ सीझन, दुसरी बाजू

माझ्याकडे कान तपासायला आलेल्या माणसाला मी आधी सूर ऐकवते आणि मग शब्द. सूर मशीन काढतं, शब्द मी वाचते. पंचवीस शब्दांची छापील यादी आहे, सगळे रोजच्या वापरातले. पेशंट काचेपलीकडे बंद बूथमध्ये हेडफोन लावून बसतो. मी बाहेरून माइकवर म्हणते, "म्हणा, दोरी." त्याला जे ऐकू येईल ते तो म्हणतो, आणि आतल्या माइकमधून ते मला स्पीकरवर ऐकू येतं. मी ते लिहून घेते. धुळ्यात, देवपूरला, एका मेडिकलच्या वर माझं क्लिनिक आहे. अकरा वर्षांत ही यादी मी काही हजार वेळा वाचली असेल.

मागच्या वर्षी जानेवारीत, एका मंगळवारी सकाळी, प्रेमराज कांकरिया आले. वय एकाहत्तर, पांढरा सफारी, पायांत चकचकीत बूट. जळगावला त्यांचं भांड्यांचं दुकान. जळगावात एवढे डॉक्टर असताना धुळ्याला कसे आलात, असं मी कागदावर लिहून विचारलं, कारण साध्या बोलण्यातलं त्यांना निम्मंही कळत नव्हतं.

"तिथे कान दाखवायला गेलो तर दुपारपर्यंत बाजारभर होईल," ते म्हणाले. "मग गिऱ्हाईक माझ्याशी ओरडून बोलेल. मला ओरडलेलं चालत नाही."

खरं कारण त्यांनी नंतर सांगितलं. त्यांच्या पत्नीला, तारादेवींना, दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला होता. त्यातून त्या सावरल्या, पण आवाज अगदी बारीक झाला. "ती बोलते आणि मी नुसती मान हलवतो. तिला कळतं. हल्ली ती बोलतच नाही."

मी त्यांना बूथमध्ये बसवलं. बूथमध्ये हवा येण्यासाठी एक छोटा पंखा आहे. त्याचं पातं बरेच दिवस कुठेतरी घासत होतं आणि दर फेऱ्याला टिक् असा आवाज यायचा. दुरुस्त करायचं राहून जात होतं.

"म्हणा, दोरी."

"गोरी."

"म्हणा, काडी."

"गाडी."

वयामुळे कान गेला की असंच होतं. बारीक अक्षरं आधी जातात. सुरीची पुरी झाली, टोपीचा गोपी झाला. अकरावा शब्द होता कुलूप. तो त्यांनी बरोबर सांगितला, आणि तो सांगता सांगता त्यांचा चेहरा उतरला. हेडफोन काढून ते काचेतून माझ्याकडे बघत राहिले. मग दार उघडून बाहेर आले.

"मॅडम, तुमचा जन्म कुठल्या सालचा?"

मी बोटांनी आठ आणि पाच दाखवले.

"आईचा आवाज तुमच्यासारखा आहे?"

मी नाही म्हणून मान हलवली. ते खुर्चीवर बसले.

"अजून चौदा शब्द राहिलेत," मी मोठ्यानं म्हणाले.

"राहू द्या," ते म्हणाले, आणि रिपोर्ट न घेताच जिना उतरले. बंद खोलीत काही माणसांचा जीव घाबरतो. मी फॉर्मवर तसं लिहिलं आणि पुढचा पेशंट घेतला.

आठवड्यानं त्यांचा व्हॉट्सअॅपवर मेसेज आला. 'एक रेकॉर्ड ऐकवायची आहे. कृपया जळगावला या. येताना माझा तपासणीचा कागद आणा.' मी गेले नसते. पण फेब्रुवारीत एका रविवारी फैजपूरला कानतपासणीचं शिबिर होतं. ते दुपारी आटोपलं, आणि परतीच्या वाटेवर जळगाव होतंच.

घर दुकानाच्या वर होतं. तारादेवींनी खुणेनंच बसायला सांगितलं, पापड आणि पाणी आणून ठेवलं. त्यांनी काहीतरी विचारलं, ते मलाही पुढे झुकून ऐकावं लागलं. "मुलं किती?" असं विचारत होत्या. मी म्हणाले, एकच, पलक, पहिलीत आहे.

कोपऱ्यातल्या टेबलावर रेकॉर्ड प्लेअर होता. प्रेमराजभाऊंनी कपाटातून एक कव्हर काढलं. भेगाळलेल्या काळ्या जमिनीचा फोटो आणि त्यावर पाठ करून उभी असलेली चार मुलं. बँडचं नाव 'ब्लॅक कॉटन'. अल्बमचं नाव 'ऑफ सीझन'. मागे साल छापलेलं होतं, १९७५.

"डावीकडून दुसरा मी," ते म्हणाले. "गिटार वाजवायचो आणि गायचो. केस इथपर्यंत होते. वडील वर्षभर बोलले नाहीत माझ्याशी."

पुण्याला कॉलेजात असताना चौघांनी बँड काढला होता. ड्रम वाजवणाऱ्या लोटनच्या मामाचं चाळीसगावजवळ कापसाचं जिनिंग होतं. मे महिन्यात कपाशी नसते, मोठी शेड रिकामी असते, आवाज छान घुमतो. तिथेच त्यांनी मुंबईहून मशीन आणून सहा दिवसांत सगळी गाणी रेकॉर्ड केली. दोनशे प्रती निघाल्या.

"खोकं आलं त्या दिवशी वरचीच प्रत काढून लावली. दुसऱ्या बाजूला दुसरं गाणं संपतं, तिसरं सुरू होतं. मध्ये चार सेकंद रिकामी पाहिजेत. तिथे एक बाई बोलते, आणि एक म्हातारा तिच्या मागून बोलतो. लोटन हसायला लागला. म्हणे, हाई काय शे, शाळा शे का? आम्ही लगेच दुसरी प्रत लावली. तिच्यावर काही नाही. तिसरीवर नाही. सगळं खोकं तपासलं. फक्त ह्या एकीवर."

"छापताना रेडिओवरचं काही मिसळलं असेल," मी म्हणाले.

त्यांनी कानामागे हात धरून मला पुन्हा बोलायला लावलं. "तेच म्हणालो आम्ही पण," ते म्हणाले. "मग मी ती बांधून ठेवून दिली. दोन वर्षांपूर्वी नातीनं माझा आवाज मोबाइलवर धरून मला ऐकवला, मजा म्हणून. फुल आवाजात. मी ओळखला. तो म्हातारा मी आहे."

तारादेवी आमच्याकडे बघत नव्हत्या. त्या पापडाचा तुकडा बशीत बारीक करत होत्या.

"म्हणून तुम्ही तपासणी टाळत होतात?"

"दोन वर्षं टाळली. मग वाटलं, धुळ्याला जावं. तिथे आपल्याला कोण ओळखतं."

त्यांनी सुई ठेवली. गाणं चांगलं होतं, हे मला सांगायला हवं. शेडचा पोकळ घुमारा, गिटार जरा जुन्या वळणाची, आणि एक तरुण, हट्टी आवाज. मी सफारीतल्या म्हाताऱ्याकडे बघितलं. गाणं संपलं. खरखर सुरू झाली.

खरखरीमागे एक पंखा फिरत होता. दर फेऱ्याला टिक्.

"म्हणा, दोरी," मी म्हणाले. म्हणजे रेकॉर्डवरची मी.

"गोरी."

मी पर्समधून फॉर्म काढला आणि पेन घेऊन एकेक ओळ ताडून पाहिली. माझा धंदाच आवाजाचा आहे. 'म्हणा' म्हटल्यावर मी किती थांबते, 'टोपी' म्हणताना माझा आवाज किंचित वर जातो, हे मला माहीत आहे. काडी, गाडी. सुरी, पुरी. टोपी, गोपी. अकराव्याला कुलूप. एकही ओळ चुकली नाही.

"म्हणा, घागर," रेकॉर्ड म्हणाली.

हा बारावा शब्द होता. तो मी त्यांना कधी वाचून दाखवला नव्हता. प्रेमराजभाऊंनी सुई उचलली.

"बस. पुढचं नको."

"पुढे तुम्हाला काही होतं का?"

त्यांना ऐकू गेलं नसावं. मी फॉर्मच्या मागे लिहिलं आणि त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते वाचलं, घडी केली, आणि म्हणाले, "मला काही होत नाही."

मी खुर्चीवरून उठले आणि सुई स्वतःच ठेवली.

"म्हणा, घागर." "घागर." "म्हणा, तांब्या." "तांब्या." "म्हणा, शेळी." "केळी." इथे पंख्याची टिक् ऐकू येत नव्हती. ती नेमकी घागरपासून थांबली होती. मी सुई मागे नेऊन दोनदा खात्री केली. वांगी, पायरी, चादर. अठरावा शब्द झाडू. म्हाताऱ्याला तो लाडू ऐकू आला.

मग एकोणिसावा शब्द यायला हवा होता. आला नाही.

दार उघडल्याचा आवाज, मग बराच वेळ नुसता पंखा.

"मॅडम?" रेकॉर्डवरचा म्हातारा म्हणाला. "पुढचा?"

पुन्हा पंखा.

"मॅडम?"

पावलांचा आवाज. एक खुर्ची सरकल्याचा. आणि लगेच ड्रम सुरू झाले, तिसरं गाणं.

प्रेमराजभाऊ माझ्याकडे न बघता म्हणाले, "म्हणून मी उठून आलो त्या दिवशी."

एरंडोलपर्यंत मी गाडी कशी चालवली ते आठवत नाही. पारोळ्याला चहाला थांबले तेव्हा मी हिशेबी विचार करायला लागले. पन्नास वर्षांपूर्वीच्या रेकॉर्डवर आज कुणी आवाज घालू शकत नाही, हे मला कळत होतं. ते कसं झालं याचं उत्तर मिळणार नव्हतं. पण काय करायचं ते सोपं होतं. यादी वाचायची नाही.

मी त्यांना उरलेली तपासणी न करताच कानाची मशीन बसवून दिली. शब्द न वाचताही ते करता येतं. मार्चमध्ये त्यांचा मेसेज आला, 'ती दिवसभर बोलते. मला झोपू देत नाही.' मी तो नवऱ्याला दाखवला. अभिमन कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. त्याला मी सगळं सांगितलं होतं. तो म्हणाला, "यादी दुसऱ्या कुणाच्या आवाजात रेकॉर्ड करून घे. तुझ्या जिवाला शांतता." तसं केलं. एप्रिलपासून माझ्या क्लिनिकमध्ये शब्द कॉम्प्युटर म्हणायला लागला. छापील यादी मी घरी कुलपात ठेवली.

जूनमध्ये, एका गुरुवारी सकाळी साडेदहाला प्रेमराजभाऊ टॅक्सी करून आले. आदल्या दिवसापासून डाव्या कानाला काहीच ऐकू येत नव्हतं. कान असा एकाएकी गेला तर थांबून चालत नाही. दोन-चार दिवसांत औषध सुरू झालं नाही तर तो सहसा परत येत नाही, आणि औषधाआधी किती गेला आहे ते मोजावं लागतं.

ते बूथच्या दारात उभे राहिले.

"इथे नको. नाशिकला जातो."

"नाशिकला उद्याचा दिवस जाईल," मी त्यांच्या उजव्या कानाशी म्हणाले. "फक्त सूर लावणार. यादी इथे नाहीच. माझा माइक बंद करते, तुमच्यासमोर."

मी माइकची वायर काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती खिशात घातली. मग दोन्ही कानांतली मशीन काढून माझ्या टेबलावर ठेवली आणि आत जाऊन बसले. मी दार लावलं.

सूर सुरू केले. ऐकू आलं की ते बोट वर करत होते. उजवा कान आधीसारखाच होता. मग मी डाव्या कानाकडे वळले. तेव्हा मला जाणवलं की खोलीत काहीतरी कमी आहे.

पंखा फिरत होता. टिक् नव्हती.

कमलबाई, माझ्याकडे साफसफाई आणि पेशंटचे नंबर बघणारी, बाहेरच बसली होती. मी खोलीचं दार किलकिलं करून पंख्याचं विचारलं.

"सकायले तेल टाकं मी त्याले," ती म्हणाली. "रोज कटकट करे तो."

मी परत वळले. आता थांबवायचं, असं मी ठरवलं होतं. स्पष्ट ठरवलं होतं. मी सूर बंद केले.

प्रेमराजभाऊंचे डोळे मिटलेले होते. त्यांनी मान जराशी तिरकी केली, लक्ष देऊन ऐकताना करतात तशी.

"घागर," ते म्हणाले.

मी काहीच बोलले नव्हते.

मी मशीनकडे बघितलं. सगळे दिवे बंद होते.

"तांब्या."

मी काचेवर हात आपटला. काच जाड आहे, ती आवाज जाऊ देत नाही. त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"केळी," ते म्हणाले.

मी हेडफोनची वायर मशीनमधून उपटली. माझे ओठ घट्ट मिटलेले होते, हे मी शपथेवर सांगते. तरीही मला घशात काहीतरी हलल्यासारखं वाटत होतं, बोलताना हलतं तसं.

"वांगी."

"पायरी."

बूथचं दार जड असतं. ते मला उघडेना.

"चादर."

"लाडू."

मग दार उघडलं. मी आत गेले.

"भाऊ, उठा," मी म्हणाले. "झालं. उठा."

त्यांनी डोळे उघडले आणि काचेकडे बघितलं, जिथे मी नेहमी बसते तिकडे.

"मॅडम? पुढचा?"

"मी इथे आहे." मी त्यांच्या खांद्याला हात लावला. ते दचकले, माझ्याकडे वळले.

"मॅडम?"

त्यांची मशीन टेबलावर होती. त्यांना ऐकू येणार नाही, हे माझ्या लक्षात आलं आणि मला एकदम हायसं वाटलं. मी त्यांना बाहेर आणलं, माझी खुर्ची सरकवून बसवलं, उजवं मशीन कानात घातलं.

"आता येतंय ऐकू?" मी विचारलं.

ते माझ्या तोंडाकडे बघत होते. आधी त्यांच्या नजरेत प्रश्न होता, मग डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी खिशातली वायर काढून टेबलावर ठेवली.

दारातून कमलबाई म्हणाली, "मॅडम, काय म्हनी राहिनात? ऐकाले नही येस."

तिचं ते बोलणं मला स्पष्ट ऐकू आलं.

नाशिकच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून माझं स्वरयंत्र पाहिलं. काही दोष नाही. पट्ट्या हलतात, हवा जाते, घशाला हात लावला तर कंप लागतो. मुंबईच्या डॉक्टरांनी मनावर ताण आहे का असं अभिमनला विचारलं. मी बोलते तेव्हा मला माझा आवाज नेहमीसारखा ऐकू येतो. तो दुसऱ्या कुणालाच येत नाही. क्लिनिकमध्ये माइक लावून मी पाहिलं आहे. मी ओरडले तरी मीटरचा काटा जागचा हलत नाही.

मोबाइलमध्ये पलकच्या वाढदिवसाचे व्हिडिओ होते. त्यांत अभिमनचा आवाज आहे, मुलांचा गोंगाट आहे, फुगा फुटल्याचा आहे. मी पलकला केक भरवते आणि माझे नुसते ओठ हलतात. जुने सगळे व्हिडिओ तसेच आहेत. आईच्या फोनवर मी पाठवलेले व्हॉइस मेसेजही.

प्रेमराजभाऊंचा डावा कान आठ दिवसांत आपोआप परत आला. ते तारादेवींना घेऊन घरी आले. मग त्यांनी रेकॉर्ड आणि प्लेअर आमच्या टेबलावर ठेवले.

"मी सकाळी लावून बघितली," ते म्हणाले. "हिच्यावर आहे तुमचा आवाज. बाकी कुठे नसेल तर इथे तरी असू द्या."

तारादेवींनी माझा हात धरून ठेवला होता.

ती रेकॉर्ड घरात ठेवायला नको होती, हे मला तेव्हाही वाटत होतं. पण पलकनं ऐकली. आई म्हणते आहे, दोरी. आई म्हणते आहे, काडी. ती प्लेअरसमोर मांडी घालून बसली आणि किती दिवसांनी हसली. अभिमननं तिला सुई ठेवायला शिकवलं. मी रेकॉर्ड पुन्हा पुन्हा ऐकून पाहिली. अठरा शब्द, मग शांतता, मग ड्रम. त्यात काही बदल नव्हता. मी पाटीवर लिहून तिला बजावलं, फक्त ऐकायचं, मागून म्हणायचं नाही. तिनं मान हलवली.

शाळेतून आली की ती रोज एकदा लावते. मी स्वयंपाकघरातून माझाच आवाज ऐकत राहते. तो आवाज मला परका वाटायला लागला आहे. पण पलक तो ऐकून जेवते, ऐकून अभ्यासाला बसते.

काल दुपारी ती स्वयंपाकघरात आली. पाठीमागे तिसऱ्या गाण्याचे ड्रम सुरू झाले होते.

"आई, आज तू आणखी एक म्हणालीस," ती म्हणाली.

मी पाटी घेतली. 'काय म्हणाले?'

"म्हणा, पलक."

मी रेकॉर्ड ऐकतच होते. झाडूनंतर मला नेहमीची शांतताच ऐकू आली होती. पाटीवर लिहिताना खडू दोनदा मोडला. 'मग तू मागून म्हणालीस का?'

तिनं ते सावकाश वाचलं. ती आता जोडाक्षरंही वाचते. वाचून झाल्यावर तिनं वर बघितलं, मान डोलावली आणि मला सांगायला लागली. सांगताना हातवारे करत होती, मध्येच हसली. तिचे नुसते ओठ बराच वेळ हलत राहिले.

गॅसवर कुकरची शिट्टी झाली. ती मला नीट ऐकू आली.